चालत्या हाताचे घड्याळ

घड्याळ उघडावयास मला अर्धा तास लागला. ते पुन्हा जोडावयास चार महिने लागले. एवढ्यावरून वाचकांस माझ्या कसबाची कल्पना येईल. घड्याळ-दुरुस्तीचे शास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा आवही मी आणणार नाही. परंतु त्या चार महिन्यांत एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. जोडताना मी ज्या ज्या ठिकाणी अडलो, त्या त्या ठिकाणी माझ्याआधी कोणीतरी अडलेला होता. कोणी साठ-सत्तर वर्षांपूर्वी, तर कोणी अडीचशे वर्षांपूर्वी. तो ज्या युक्तीने सुटला ती युक्तीच त्या जागी पितळ-पोलादाच्या रूपाने बसलेली होती, आणि ती न ओळखता मी तिच्यावर तेल सोडीत होतो किंवा नको तो स्क्रू तिच्यात पिळीत होतो. तेव्हा माझ्या चुकांच्या निमित्ताने ऑटोमॅटिक घड्याळाचा थोडा इतिहास सांगावा असे मनात आहे. तबकडीवर ज्या कारखान्याचे नाव आहे ते येथे देत नाही. चुका माझ्या, त्या नावाला बोल कशाला?

घड्याळ वडिलांचे. १९६३ साली त्यांनी ते मुंबईत एका गृहस्थांकडून, वापरलेले, विकत घेतले. वडील तेव्हा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीवर गंगापूरच्या धरणाचे काम चालू होते. ते धरण १९६५ साली पुरे झाले. धरण मातीचे. मातीचे धरण म्हणजे माती आणणे, माती पसरणे, पाणी मारून माती दाबणे, आणि पुन्हा माती आणणे. वडिलांचा दिवस त्या बांधावर चालण्यात जाई. त्यांचे पहिले घड्याळ साधे, रोज किल्ली द्यावयाचे होते. रात्री किल्ली देताना बोटांवरची धूळ किल्लीच्या दांडीवाटे आत जाई, आणि वर्षातून दोनदा घड्याळ मुके होई. शेवटी कोणीतरी त्यांना सांगितले, की ज्याला किल्ली द्यावीच लागत नाही, हाताच्या हालचालीनेच ज्याची कमान भरते, असेही घड्याळ असते. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा कडक बंधने होती आणि बंगळूरचा एचएमटीचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये नुकता उभा राहत होता. त्यामुळे असे घड्याळ हवे तर ते कोणाच्या तरी हातातले उतरवूनच घ्यावे लागे. वडिलांनी दोन महिन्यांचा पगार मोजला. आईने महिनाभर त्यांच्याशी त्या विषयावर बोलणे टाकले होते, असे मी ऐकून आहे.

मौज अशी की, ज्या कारणाने वडिलांनी हे घड्याळ घेतले, अगदी त्याच कारणाने ते मुळात जन्मास आले होते. पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळांची चाल पडली. इंग्लंडजवळच्या मॅन बेटावर जॉन हारवुड नावाचा एक घड्याळजी ती दुरुस्त करीत असे. आत गेलेली धूळ आणि ओल किल्लीच्या भोकातूनच जाते, हे त्याला रोजच्या कामात दिसत होते. भोक नको असेल तर किल्ली नको. आणि किल्ली नको असेल तर कमान भरणार कशी? त्याने आत एक वजन टांगले. हात हलला की ते हेलकावे खाई आणि कमान गुंडाळी. पूर्ण फेरा त्याला घेता येत नसे. दोन्ही बाजूंना लहान स्प्रिंगा होत्या, त्यांवर ते आपटे. काटे फिरवावयाचे ते तबकडीभोवतीची कडी फिरवून. १९२४ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळाले, १९२६ मध्ये ते घड्याळ बाझलच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि १९३१ च्या सुमारास जागतिक मंदीत त्याची कंपनी बुडाली. हारवुड हा संशोधक वगैरे म्हणविणारा माणूस नव्हता. इतरांची मळलेली घड्याळे पुसता पुसता त्याला ते सुचले. धरणावरच्या धुळीत वडिलांनी हारवुडचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण दोघांचे गाऱ्हाणे एकच होते.

* * *

अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड जुना नाका ओलांडून, आनंदवल्ली आणि सोमेश्वरावरून गंगापूर गावाकडे व पुढे धरणाकडे जातो. वडील धरणावर जात त्या दिवसांत नाका मागे पडला की वस्ती विरळ होई. आज इस्पितळे, शिकवणीचे वर्ग आणि कपड्यांची दुकाने यांची रांग तुटत नाही. त्या रांगेत घड्याळांची दुकानेही आहेत. पण तिथे घड्याळे विकतात आणि सेल बदलून देतात. १९६९ सालच्या नाताळच्या दिवशी जपानच्या सेको कंपनीने टोकियोत क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जगभर घड्याळजींच्या पेट्या मिटत गेल्या. आपल्याकडची एचएमटीची घड्याळांची कंपनीही बंद करण्याचा निर्णय २०१६ साली सरकारने घेतला. त्यामुळे गेल्या वर्षी वडिलांचे घड्याळ वरचेवर बंद पडू लागले, तेव्हा ते न्यावे कुठे हा प्रश्न पडला. एका दुकानदाराने ते दिव्यापाशी धरून पाहिले आणि म्हणाला, “काका, आतली मशीन काढून सेलची बसवून देऊ. तीनशे रुपये.” वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी घड्याळ परत मागून घेतले आणि उशीखाली ठेवले.

वडील आता त्र्याण्णव वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ते बसविले, पण तेव्हापासून पलंग आणि खिडकीजवळची खुर्ची एवढ्यातच त्यांचा वावर आहे. कान शाबूत आहेत. घड्याळाची टिकटिक बंद झाली की ती त्यांना माझ्याआधी कळते.

मी स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात मापन-विभागात पस्तीस वर्षे काढली. मायक्रॉन मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला घड्याळ म्हणजे काय मोठे, अशी घमेंड मनात होती. चिमटे, भिंग, बारीक पेचकस, तेलाच्या कुप्या मागविल्या. शेवटची सफाई कित्येक वर्षांपूर्वी झालेली. आतले तेल वाळून खडीसारखे झाले असणार, हे माझे निदान होते. ते खोटेही नव्हते. फक्त ते पुरे नव्हते, हे कळावयास दिवस लागले.

उघडण्याची रीत पुस्तकात दिलेली असते आणि ती पाळली म्हणजे उघडणे सोपे आहे. आधी वरचे फिरते वजन, म्हणजे रोटर, आणि त्याखालची ऑटोमॅटिकची पट्टी काढावी. मग कमानीतला उरलेला जोर खुंटी सरकवून हळूहळू उतरू द्यावा. हे विसरले आणि तसेच पॅलेट उचलले, तर सगळी चाके एकदम भिरभिरतात आणि एखादा दात किंवा टोक गमावून बसतात. मग बॅलन्स, पॅलेट, चाकांवरची पट्टी, चाके, आणि शेवटी बॅरल, म्हणजे कमानीची डबी. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळे ठेवावेत. त्यासाठी मी स्वयंपाकघरातून अप्पेपात्र आणले. सात खळगे, खळग्यागणिक एका भागाचे स्क्रू. याहून सोयीचे पात्र कोणा स्विस कारखान्याने काढले असेल असे वाटत नाही. परंतु चौथ्या दिवशी घरच्या मंडळींना अप्पे करावयाचे होते. पात्र हलविताना दोन खळग्यांतले स्क्रू एकत्र झाले. मी ते अंदाजाने वेगळे केले. येथून कथेला सुरुवात होते.

* * *

पहिली अडचण अशी: खालचे घड्याळ जोडले, चालू लागले. बॅलन्स असा डौलात झुलू लागला की मी वडिलांना बोलावून दाखविणार होतो. मग ऑटोमॅटिकची पट्टी बसविली, स्क्रू आवळले, आणि घड्याळ थांबले. पट्टी काढली की चाले. बसविली की थांबे. तीन रात्री मी बॅलन्सकडे पाहत बसलो, कारण थांबलेला तो दिसत होता. दोष त्याच्यात नव्हताच.

येथे जुन्या ऑटोमॅटिकची रचना ध्यानात घ्यावयास हवी. ते दुमजली घर असते. खालच्या मजल्यावर एक पुरते, किल्लीचे घड्याळ नांदत असते; वरच्या मजल्यावर त्याला किल्ली देणारा नोकर बिऱ्हाड करून राहतो. ही रचना कोणी मुद्दाम सुंदर म्हणून काढली नाही. रोलेक्सने १९३१ साली सबंध फेरा घेणारा रोटर आणला, तेव्हा तो आपल्या चालत्या, हाताने किल्ली देण्याच्या यंत्रावरच चढविला. त्यामुळे घड्याळाची पाठ फुगली. त्या फुगीर पाठीवरून संग्राहक आजही त्या घड्याळांना ‘बबलबॅक’ म्हणतात. होते ते मोडावयाचे नाही, वर एक माळा चढवावयाचा, हा व्यवहार आपल्या वाड्यांना नवा नाही. आणि वाड्याचा दोषही तोच: वरच्या मजल्यावर खिळा ठोकला की खालच्या मजल्यावर पोपडा पडतो.

मी वरच्या पट्टीचा एक स्क्रू बदलून बसविला होता. दिसावयास जुळा, पण केसभर लांब. पट्टी आवळली की त्याचे टोक खालच्या मजल्यावर उतरून एका चाकाला टेकत होते. हे सापडले ते एकेक स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहिले तेव्हा. तिसरा सैल केला आणि बॅलन्स झुलू लागला. तेव्हापासून मी एक नियम केला, तो सांगून ठेवतो. सगळे जोडून मग तपासू नये. प्रत्येक मजला चढला की तपासावे. चाकांची पट्टी बसली की पॅलेट घालण्याआधी कमानीला किंचित ताण द्यावा. चाके सळसळत फिरून शेवटी क्षणभर उलटी आली पाहिजेत. उलटी आली नाहीत तर कुठेतरी घासते आहे. पुढे जाऊच नये. आणि पट्टीचे स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक चाकाचे टोक आपल्या माणकात शिरले आहे की नाही हे बोटाच्या अगदी हलक्या दाबाने पाहावे. जोर लावला की टोक मोडते, आणि मोडलेले टोक कुठे मिळत नाही.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक. घड्याळ चालू झाले. पण परीक्षेसाठी हाताने किल्ली देऊ लागलो की रोटर गरगर फिरे, पंख्यासारखा. वास्तविक किल्लीने कमान भरताना रोटर स्वस्थ पडून राहिला पाहिजे. नोकर धन्याला चालवितो ते ठीक. येथे धनी नोकराला पळवीत होता.

रोटर दोन्ही दिशांना फिरतो, कमान मात्र एकाच दिशेने गुंडाळली जावी लागते. पुष्कळ वर्षे यावर तोडगा असा होता की एका दिशेचे फिरणे कामास लावावे आणि दुसऱ्या दिशेचे फुकट जाऊ द्यावे. १९४२ साली फेल्सा या स्विस कारखान्याने दोन्ही दिशांचे फिरणे कामास लावणारे यंत्र ‘बायडायनेटर’ या नावाने आणले. पुढे जी रचना सर्वत्र रूढ झाली तिच्यात दोन चिमुकली चाके असतात. त्यांच्या पोटात अतिसूक्ष्म खुंट्या असून त्या एका बाजूस धरतात व दुसऱ्या बाजूस सोडतात. रोटर कसाही फिरो, कमानीला एकच दिशा समजते. १९५९ मध्ये सेकोने हेच काम एका दुबोटी तरफेवर आणून आणखी सोपे केले. त्यांनी तिचे नाव ‘मॅजिक लिव्हर’ ठेवले. वडिलांच्या घड्याळात दोन चाकांची रचना होती. त्या चाकांवर मी, बिचारी कोरडी दिसतात म्हणून, इतर ठिकाणी घालतात तसा तेलाचा थेंब सोडला होता. तेलाने आतल्या खुंट्या चिकटल्या. सोडावयाचे तेव्हाही त्या धरून बसल्या. चाके पेट्रोलमध्ये धुतली, आणि ज्यात नावापुरते तेल आहे अशा पातळ द्रावणात बुडवून वाळविली. रोटर शांत झाला. यंत्राच्या काही भागांना ओलावा लागतो तो दवाइतकाच. दयेने जास्त दिला तर ते काम सोडतात.

* * *

तिसऱ्या अडचणीने दीड महिना खाल्ला. पूर्ण किल्ली दिली तरी घड्याळ नऊ-दहा तासांतच थांबे. निरोगी घड्याळ दीड दिवसाच्या वर चालले पाहिजे.

येथे थोडे मागे जाऊ. आपल्याकडे लग्नात मुहूर्त साधावयास घटिकापात्र मांडीत. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवावयाची; ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की घटिका झाली. बुडलेली वाटी उचलून पुन्हा तरंगती ठेवावयास तिथे माणूस बसलेला असे. त्याला डुलकी लागली की काळ थांबला. किल्लीचे घड्याळ आले तरी ही चाकरी सुटली नाही. घटिकेला एकदा होती ती दिवसाला एकदा झाली, इतकेच. माणसाच्या नकळत त्याच्याकडूनच ती चाकरी करून घ्यावी, ही कल्पना फळास आली अठराव्या शतकात. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गावच्या अब्राहम-लुई पेरले याने खिशात ठेवावयाचे असे घड्याळ केले. १७७७ साली जिनीव्हाच्या कलासंस्थेपुढे त्याचा वृत्तांत आला, त्यात दोन गोष्टी नमूद आहेत. घालणारा पंधरा मिनिटे चालला की घड्याळ आठ दिवस चालते. आणि कमान भरली की एक अडसर पडतो, म्हणून पुढे कितीही चालले तरी यंत्राला इजा होत नाही. दुसऱ्याच वर्षी लिएज येथील ह्यूबर्ट सार्तों याने गोल फिरणाऱ्या वजनाच्या घड्याळाचा आराखडा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दाखल केला. फिरत्या रोटरचा मान दोघांपैकी कोणाचा, यावर घड्याळांच्या इतिहासकारांत आजही वाद आहे. आपल्याकडे ती वर्षे राघोबादादांच्या धामधुमीची. सुरतेचा तह १७७५ चा. ज्या आनंदवल्लीत राघोबादादा राहिले, ती माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. आणि त्यांची पुण्याची गादी दूर दूर जात होती त्याच सुमारास दूरच्या डोंगराळ गावात कोणी एक वृद्ध होऊ घातलेला कारागीर वजनाला चालावयास शिकवीत होता.

पेरलेचा अडसर महत्त्वाचा आहे. हाताने किल्ली देणाऱ्याला कमान भरली हे बोटांना कळते व तो थांबतो. चालणाऱ्याला ते कळत नाही. नोकराला ‘पुरे’ म्हणणारा कोणीतरी आत हवा. अडसराची ही अवजड योजना पुढे गेली ती १८६३ मध्ये पाटेक फिलिपच्या आद्रिएँ फिलिपने काढलेल्या एका युक्तीमुळे. कमानीचे बाहेरचे टोक डबीला खिळवून न टाकता त्याने ते एका ताठ पट्टीच्या जोरावर भिंतीला नुसते दाबून धरले. कमान भरली की पट्टी भिंतीवरून घसरते. ताण ओसरला की पुन्हा धरते. गंमत अशी की फिलिपने हे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळासाठी काढले नव्हते. ते यावयास अजून साठ वर्षे होती. पण ही घसरण नसती तर प्रत्येक ऑटोमॅटिकने पहिल्याच दिवशी आपली कमान तोडून घेतली असती.

आणि मी काय केले होते? डबी धुऊन लख्ख केली, आणि तिच्या भिंतीला चांगले सुळसुळीत तेल लावले. पट्टी वेळेआधीच घसरू लागली. कमान कधी पुरी भरतच नव्हती. जे घसरले पाहिजे ते उशिरा घसरावे म्हणून त्या भिंतीला मुद्दाम घट्ट, धरून ठेवणारे वंगण लावावे लागते. जुने घड्याळजी त्यासाठी ग्राफाइट मिसळलेले ग्रीस वापरीत. हे कळल्यावर मी उत्साहाने ते ग्रीस भरपूर लावले. आता पट्टी मुळीच घसरेना. बॅलन्स इतक्या जोराने झुलू लागला की स्वतःवरच येऊन आपटू लागला आणि घड्याळ पहिल्या तासातच काही मिनिटे पुढे गेले. तिसऱ्या खेपेस भिंतीवर चार ठिकाणी मोहरीच्या कणाएवढे ग्रीस ठेवले, तेव्हा ते जमले. मेजावर घड्याळ अडतीस तास चालले.

या गडबडीत आणखीही काही झाले. किल्ली काढण्यासाठी एक स्क्रू दोन फेरे सैल करावयाचा असतो. मी चार केला, त्यामुळे तबकडीखालची तरफ निसटली आणि काटे-तबकडी सगळे पुन्हा उतरवावे लागले. बॅलन्सच्या माणकावरची, १९३४ पासून घड्याळांना धक्क्यातून वाचविणारी ‘इंकाब्लॉक’ची वीणेसारखी स्प्रिंग उडाली, आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना देवघरात सापडली. याविषयी जास्त लिहीत नाही.

* * *

घड्याळ वडिलांच्या हातात बांधले. त्यांनी ते कानाशी धरले, मान हलविली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, “बंद आहे.”

मी उघडले. काही दोष दिसेना. किल्ली दिली, मेजावर ठेवले. दीड दिवस चालले. पुन्हा हातात बांधले. दीड दिवसाने बंद. तेव्हा माझी नजर मागच्या झाकणाकडे गेली. आतून त्याच्यावर कोयरीच्या आकाराचे चकचकीत ओरखडे होते. रोटरचा आस झिजून त्याची कड झाकणाला घासत होती. रोटर कमरेतून लवतो ही ऑटोमॅटिकची जुनी व्याधी. १९४८ मध्ये एटर्ना कंपनीने रोटर पाच बारीक छऱ्यांवर बसविला तो त्यावरच उपाय म्हणून, आणि ते पाच ठिपकेच त्यांनी पुढे आपले चिन्ह केले. आमचे घड्याळ छऱ्यांचे नव्हते. आता चोर सापडला, असे मला वाटले. पण नवा आस कुठून आणावा?

त्याच झाकणावर ओरखड्यांच्या मधून सुईने कोरलेले बारीक आकडे होते: ११-७१, ४-७९, ९-८८. घड्याळजी सफाई केली की झाकणात आतून तारीख व आपली खूण कोरून ठेवतात. धन्याला ती कधी दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते. तिन्ही तारखांपुढे एकच खूण होती, एक उलटा त्रिकोण. वडिलांना विचारले. ते म्हणाले, “अशोक स्तंभाजवळ पेटी घेऊन बसायचा एक मुलगा.”

तो मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. शोधावयास आठ दिवस लागले. पेटी कधीच मिटलेली. हाताला कंप आहे, म्हणून चिमटा धरीत नाहीत. पण भिंग डोळ्याला लावून त्यांनी झाकण पाहिले, आपली खूण ओळखली, आणि रोटर बोटाने हलवून पाहिला.

“आस झिजलाय, पण इतका नाही. एवढ्याने बंद पडत नाही,” ते म्हणाले. “जोडणी कोणी केली?”

“मी.”

“बरी आहे. धरणावरच्या साहेबांचं ना हे? सायकल लावायचे आणि उभ्यानंच बोलायचे. कधी बसले नाहीत माझ्यापाशी.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “आता चालतात का?”

मी नाही म्हटले. दिवसभर खुर्चीत असतात, डावा हात मांडीवर असतो, हेही सांगितले.

त्यांनी भिंग काढून मेजावर ठेवले. “मग घड्याळाचा काय दोष, साहेब?”

घरी येईपर्यंत मी पेरलेच्या त्या वृत्तांताचा विचार करीत होतो. पंधरा मिनिटे चालले तर आठ दिवस. त्यात ‘चालले तर’ हे शब्द पहिल्या दिवसापासून होते. मी फक्त आठ दिवसांकडे पाहिले. खिशातली ऑटोमॅटिक घड्याळे दीडशे वर्षे मूठभर श्रीमंतांपलीकडे गेली नाहीत याचेही एक मोठे कारण हेच, की खिसा पुरेसा हलत नाही. घड्याळ मनगटावर आले तेव्हा कुठे ती कल्पना चालू लागली, कारण हात कधी स्वस्थ बसत नाही, अशी सर्वांची समजूत होती. हारवुडने, रोलेक्सने, फेल्साने, एटर्नाने एकेक अडथळा काढला. ही समजूत मात्र कोणी तपासून पाहिली नाही, आणि तपासण्याचे कारणही नव्हते. चार महिने मी यंत्रात जो शेवटचा भाग शोधत होतो, तो यंत्राबाहेर खिडकीपाशी बसलेला होता. घड्याळाने एक वर्षभर वरचेवर थांबून तेच सांगितले होते; घरात मी असताना ते घड्याळाला सांगावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते.

यावर साधा उपाय होता: रोज हाताने किल्ली द्यावी. पण वडिलांना तो मी सुचविताच ते म्हणाले, “या घड्याळाला किल्ली द्यायची नसते.” साठ वर्षे त्यांनी ही गोष्ट लोकांना सांगितली आहे. आता ती त्यांच्या तोंडून काढून घेणे मला बरे वाटेना.

तेव्हा सध्याची व्यवस्था अशी. रात्री त्यांना झोप लागली की मी घड्याळ काढून घेतो. पहाटे साडेपाचला ते माझ्या हातात बांधून विद्या विकास सर्कलपासून सोमेश्वरापर्यंत चालत जातो आणि परत येतो. वाटेत आनंदवल्ली लागते. हात जरा जास्त हलवीत चालतो. ओळखीचे लोक याला व्यायामाचा नवा प्रकार समजतात. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वी घड्याळ वडिलांच्या हातात असते. ते बातम्यांच्या वेळेशी ते पडताळून पाहतात. घड्याळ कुठे गेले होते हे त्यांनी मला विचारलेले नाही, पण एके दिवशी पावसामुळे मी गेलो नाही, तर म्हणाले, “आज निघाला नाहीस?”

झाकणात मी तारीख कोरली, उलट्या त्रिकोणाखाली. घड्याळजींनीच आग्रह केला. काम केले तर खूण ठेवावी, पुढच्याला कळते, असे म्हणाले. पुढचा कोण हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

परवा बातम्या संपल्यावर वडिलांनी मला बोलावले.

“वीस सेकंद पुढे आहे,” ते म्हणाले. “उघडणार आहेस का पुन्हा?”

मी म्हटले, “नाही.”

“ठीक आहे,” ते म्हणाले, आणि बाही खाली घेतली.